फुकटची सुई

एकसष्ट सालच्या चैतात नांदगाव खंडेश्वरच्या आजूबाजूला बुळकांडी आली. ढोरांचा हा रोग खुशालरावाने लहानपणी एकदा पाहिला होता. आधी जनावराच्या डोळ्यांतून पाणी, मग तोंडात फोड, मग हगवण, आणि आठ दिवसांत गोठा रिकामा. त्या साली त्याच्या बापाची सात ढोरं गेली होती. म्हणून शेजारच्या नत्थुजीने येऊन सांगितलं, की नाल्यापलीकडच्या गावात चार बैल पडले, तेव्हा खुशालराव हातातलं काम टाकून गोठ्याकडे गेला.

त्याच्याकडे एकच जोडी होती. चांद्या आणि भुऱ्या. दोन्ही गवळाऊ जातीचे, उंच, शिंगं मागे वळलेली. बारा एकर काळी जमीन ह्या दोघांच्या खांद्यावर होती. मुलगी वच्छला लग्न होऊन अकोल्याला गेली होती. घरात तो आणि बायको कौशल्या, दोघंच. जोडी गेली तर मिरगाच्या पेरणीला काय जुंपायचं, हा विचार त्याने मनात येऊ दिला नाही, पण त्या संध्याकाळी त्याने दोनदा गोठ्यात जाऊन बैलांचे डोळे पाहिले.

शुक्रवारी गावात एक माणूस सायकलवरून आला. डोक्यावर टोपी, मागे लोखंडी पेटी, गळ्यात डॉक्टरची नळी. अकोल्याचा जानराव डॉक्टर, असं त्याने स्वतःच सांगितलं. पारावर बसून त्याने नत्थुजीच्या गाईची नाडी पाहिली, आणि मग लोक त्याला घरोघर नेऊ लागले.

खुशालरावाच्या गोठ्यात त्याने चांद्याला नुसतं थोपटलं. भुऱ्याचा ओठ मात्र त्याने वर केला, गालाच्या आत बोट घालून चाचपलं.

"हे इकडे या. दिसतं का लाल?"

खुशालराव वाकला. गालाच्या आत बोराएवढा लाल चट्टा होता.

"रोग आत शिरलेला आहे," जानराव म्हणाला. "वरून जनावर चांगलं दिसतं, पण आत काम सुरू झालेलं असतं. चार दिवसांनी डोळे गळायला लागतील."

"मंग आता?"

"आता म्हणजे वेळेवर भेटलो मी तुम्हाला. पहिली मात्रा फुकट देतो. पोट साफ होईल, घाबरायचं नाही, रोग बाहेर पडतो तो. गुण दिसला तर पुढच्या शुक्रवारी बाटली घ्या. जनावरामागे बारा रुपये. आणि दर तीन महिन्यांनी नवी बाटली घ्यायची, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला की रोगाला दार उघडं."

त्याने बांबूच्या नळीने भुऱ्याच्या घशात काळपट औषध ओतलं, आणि चांद्यासाठी एक लहान शिशी कौशल्याच्या हातात दिली. निघताना म्हणाला, "सरकारी सुईवाले येतील बरं का. त्यांच्या सुईत जिवंत रोग भरलेला असतो. फुकट काहून देतात, विचार करा तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुऱ्याला हगवण लागली. दोन दिवस तो कडब्याकडे पाहीना. खुशालराव घाबरलाही आणि त्याला बरंही वाटलं. डॉक्टर म्हणाला तसंच होत होतं, म्हणजे डॉक्टरला कळत होतं. कौशल्याने मात्र चांद्याची शिशी कोनाड्यात मागे सरकवून ठेवली. खुशालराव मागायला लागला तेव्हा ती म्हणाली, "एक बैल हगून राहिला तेवढा पुरे हाये. दुसऱ्याले आज नाई."

सोमवारी भुऱ्या सावरला, आणि सोमवारीच देवराव गावात आला.

देवराव हा गावातल्याच डोमाजीचा मुलगा. मॅट्रिक होऊन त्याने सरकारी ढोरदवाखान्याचं शिक्षण घेतलं होतं आणि आता नांदगावच्या दवाखान्यात नोकरीला होता. त्याने कोतवालाकडून दवंडी पिटवली, की गुरुवारी सकाळी शाळेच्या मैदानात सगळ्या ढोरांना बुळकांडीची सुई मिळेल, पैसे पडणार नाहीत. मग तो स्वतः एकेका घरापुढून जाऊन सांगू लागला.

खुशालरावाच्या दारात तो उभा राहिला तेव्हा खुशालरावाने त्याला आत ये म्हटलं नाही. डोमाजीच्या आणि त्याच्या घरात चार वर्षं बोलणं नव्हतं. आधी गावातलं मेलेलं ढोर डोमाजीच्या वस्तीतले लोक ओढून नेत. छप्पन साली ते सगळे नागपूरला जाऊन बौद्ध झाले आणि परत आल्यावर त्यांनी ते काम सोडलं. पुढच्याच पावसाळ्यात खुशालरावाची म्हातारी गाय मेली. तो निरोपावर निरोप पाठवत राहिला आणि डोमाजीने एकच उत्तर पाठवलं, की आता आमच्याकडून हे होणार नाही. शेवटी खुशालरावाने दिवसभर खणून ती स्वतः पुरली. तो राग त्याने उघड कधी काढला नव्हता, पण सोडलाही नव्हता.

"काका, गुरुवारी जोडी आना," देवराव म्हणाला.

"आमच्या बैलाले रोग लागला हाये आधीच," खुशालराव तुटकपणे म्हणाला. "अकोल्याच्या डॉक्टरनं पाहिलं."

"मी पाहू का?"

खुशालराव काही बोलण्याआधी कौशल्या म्हणाली, "पाय बाबू. ये."

देवरावाने भुऱ्याचं तोंड उघडलं, कंदील मागितला, आणि आत बराच वेळ पाहिलं. मग पिशवीतून चिमटा काढला. भुऱ्याने मान झटकली, पण देवरावाचा हात सुटला नाही. चिमट्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी कडब्याची टोकदार कूस होती.

"हे रुतलं होतं. त्याचा चट्टा हाये हा. बुळकांडीचे फोड असे नसतात, कोंडा भुरभुरवल्यासारखे बारीक असतात, सगळ्या तोंडभर. अन् ताप असतो. ह्याले ताप नाई."

कौशल्याने कूस तळहातावर घेऊन पाहिली. खुशालरावाचा जीव भांड्यात पडला, पण ते त्याने तोंडावर दिसू दिलं नाही.

"एक सांग," तो म्हणाला. "तुमच्या सुईत जिवंत रोग असते म्हणतात. खरं हाये का?"

त्याला वाटलं होतं पोरगा नाही म्हणेल. देवराव म्हणाला, "खरं हाये."

देवरावाने चिमटा पुसून पिशवीत ठेवला.

"रोग असते, पन बकऱ्यांच्या अंगातून फिरवून फिरवून नरम केलेला. ढोराले तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप येते. एखादं दोन दिवस खात नाई. मंग उतरते, अन् पुढं कितीक वर्षं त्याले बुळकांडी धरत नाई. एकदाच टोचायची. पन मी तुमाले ताप येनारच नाई असं सांगनार नाई."

"अन् फुकट काहून?"

"तुमच्या एकट्याच्या जोडीसाठी नाई हे, काका. गावात दहा ढोरं जरी सुटली, तरी रोगाले ऱ्हायाले जागा भेटते. लोकाले पैसे मागितले तं अर्धे येनार नाई. म्हनून सरकारच देते."

त्या संध्याकाळी नत्थुजी येऊन बसला. त्याने शुक्रवारीच जानरावाकडून बाटली विकत घेतली होती आणि गाईला रोज पाजत होता. "दोन्ही करून टाक ना," तो म्हणाला. "विकतचंही दे अन् फुकटचंही टोच. नुकसान काय?" पण देवराव जाताना सांगून गेला होता, की हगवण लागलेल्या जनावराला तो सुई देणार नाही, आधीच खचलेलं ढोर वरून ताप झेलू शकत नाही. म्हणजे दोन्ही करता येत नव्हतं. एकच निवडायचं होतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. खुशालराव निवडू शकला नाही. एकाने पैसे मागितले होते आणि खात्री दिली होती. दुसऱ्याने काही मागितलं नव्हतं आणि ताप येईल म्हणून सांगितलं होतं. त्याला वाटे, बारा रुपये घेणारा माणूस उगाच कशाला घेईल. मग वाटे, ती कूस जानरावाला काहून दिसली नाही.

बुधवारी भाकरी थापता थापता कौशल्या म्हणाली, "तुमाले भीव कायचं वाटून राहिलं? सुई फुकट हाये त्याचं, की देवरावच्या हातची हाये त्याचं?"

"तसं काही नाई."

"नसन तं बरं."

चुलीत काटकी सारत तो म्हणाला, "त्याच्या बापाले मी काय काय बोललो होतो, तुले माहीत हाये. त्यानं ते मनात ठेवलं असन तं?"

"त्यानं चिमटा घातला तेवा मी भुऱ्याकडं नाई, त्याच्याकडं पाहून राहिली होती," कौशल्या म्हणाली. "मनात ठेवनारा मानूस असा जपून हात लावत नाई."

तरी त्याचं समाधान झालं नाही. गुरुवारी पहाटे तो कोनाड्यातली शिशी धोतराच्या सोग्यात बांधून नांदगावला चालत गेला आणि पहिल्या मोटरीने अमरावतीला पोचला. दोघांच्याही वरचा कोणी असेल तर त्याला विचारायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

अमरावतीच्या ढोरदवाखान्यातले मोठे डॉक्टर एका घोड्याचा पाय बांधत होते. त्यांचं काम होईपर्यंत खुशालराव कडुलिंबाखाली उभा राहिला. मग त्याने शिशी पुढे केली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला, दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले.

"जमालगोटा," ते म्हणाले. "वर थोडा गूळ आणि काजळी. हे पाजलं की चांगल्या ढोराला जुलाब होतात. मग हाच माणूस पुन्हा येतो आणि म्हणतो, पाहा रोग आला, आता मोठी बाटली घ्या. ह्या महिन्यात असे तिघं आले माझ्याकडे शिशी घेऊन."

"मंग खरं विकतचं औषध कुठं भेटन, साहेब? बारा काय, वीस लागले तरी चालन."

डॉक्टरांनी हात धुतले आणि टॉवेलला पुसत म्हणाले, "विकतची भारी आणि फुकटची हलकी, अशा दोन लशी नसतात. बुळकांडीची लस एकच आहे. ती बाजारात मिळत नाही. माझ्या घरच्या गाईला मी तीच टोचली. तुमच्या गावी आज कोण आहे?"

"देवराव म्हनून हाये. आमच्याच गावचा."

"म्हणजे ती लस आत्ता तुमच्या गावात बर्फावर ठेवलेली आहे. आणि तुम्ही इथे उभे आहात."

खुशालराव निघाला तो मोटर अड्ड्यापर्यंत जवळजवळ पळतच. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्याला काय करायचं ते पक्कं माहीत होतं, आणि नेमकी मोटर तासभर सुटेना. नांदगावहून गावापर्यंतची वाट त्याने भर उन्हात तुडवली. शाळेच्या मैदानात पोचला तेव्हा तिथे नुसतं शेण होतं आणि खुट्यांच्या खुणा होत्या.

तो तसाच उगवतीकडच्या वस्तीत गेला. चार वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता. डोमाजी अंगणात बाज विणत बसला होता. देवराव चुलीवरच्या उकळत्या पाण्यात सुया टाकत होता. शेजारी निळा थर्मास ठेवलेला होता. डोमाजीने मान वर केली आणि दोरी हातातच ठेवून म्हणाला, "या खुशालराव." आधी तो त्याला पाटील म्हणायचा.

खुशालरावाने प्रस्तावना केली नाही. "देवराव, माझी जोडी राहिली. मी अमरावतीले गेलो होतो इचारायले. चुकलं माझं. आता टोचून दे."

देवराव सुया हलवत राहिला. "काका, पान्यात घोळलेली लस तासाभरात टाकून द्यावी लागते. उरलेली मी टाकली."

"सगळी?"

"घोळलेली सगळी. एक कुपी कोरडी हाये अजून. पन ती एकदा फोडली की साठ-सत्तर ढोरांची असते. दोन बैलांसाठी फोडली तं मले वर जबाब द्यावा लागन, अन् उद्याचं गाव कोरडं राहीन."

खुशालराव अंगणातच खाली बसला.

"किती ढोरं राहिली गावात?" डोमाजीने मुलाला विचारलं.

"तिसेक. बाटलीवाल्याच्या भरोशावर जे बसले, ते सगळे."

"वीस आली तं फोडशीन का?"

देवरावाने थर्मासाचं झाकण उघडून बर्फ पाहिला. "वीस आली तं फोडतो. तेवढ्यासाठी उद्याले दुसरी कुपी मागता येते. पन दिवस बुडायच्या आत. बर्फ तेवढाच टिकन."

खुशालराव उठला. डोमाजीनेही बाज भिंतीला टेकवली आणि पायात वहाणा घातल्या. "मी येतो," तो म्हणाला. "तुमाले एकट्याले लोक इचारतीन, काल तं तुमीच नाई म्हनत होते."

दोघं घरोघर गेले. खुशालराव प्रत्येक दारात तेच सांगत होता: शिशी अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवली, आत जमालगोटा निघाला, आणि खरी लस फक्त देवरावाकडेच आहे. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागे. कोणी म्हणे, फुकटची ती फुकटचीच. तेव्हा खुशालराव म्हणे, "माझा चांद्या पयला. तुमी पाहा, मंग टोचा." डोमाजी मागे उभा राहून फक्त ढोरं मोजून घेई.

महादेवरावाच्या घरापासून पुढे जाताना वाटेत कोणी नव्हतं. खुशालराव म्हणाला, "डोमाजी, त्या गाईच्या वेळी मी लई बोललो."

"बोलले तुमी."

"दिवसभर खनलं मी. कुदळ मारून मारून हाताले फोड आले. तेवा कळलं काय काम असते ते. तरी राग गेला नाई."

डोमाजी चालत राहिला. "आमच्या अंगनातून दिसत होतं तुमी खनून राहिले ते," तो म्हणाला. "देवराव तवा शिकून राहिला होता. मी म्हटलं, आता मी एकदा गेलो तं उद्या त्यालेही ढोर ओढाले बलावतीन." मग तो थांबला. "माणिकबाईच्या दोन म्हशी राहिल्या ना?"

"राहिल्या."

"चला तिकडं."

दिवस कलला तेव्हा शाळेच्या मैदानात तेवीस ढोरं उभी होती. नत्थुजीही गाय घेऊन आला, पण तिच्या मागच्या पायांवर हगवण वाळलेली होती. देवरावाने तिला परत पाठवलं. "आठ दिवस ती बाटली बंद करा. पुढच्या गुरुवारी मी शेजारच्या गावात हाये. तिथं आना." नत्थुजी गाय घेऊन परत गेला.

मग देवरावाने कुपी फोडली, थंड पाण्यात लस घोळली, आणि सुई भरली. खुशालरावाने चांद्याची वेसण धरली. देवरावाने मानेची कातडी चिमटीत उचलली, सुई आत गेली आणि बाहेर आली. चांद्याने शेपूट हलवली, एवढंच. नंतर भुऱ्या. दिवस बुडायच्या आत तेवीसच्या तेवीस झाली आणि देवरावाने थर्मासातलं पाणी जमिनीवर ओतलं.

तिसऱ्या दिवशी चांद्याला ताप आला. चौथ्या दिवशी भुऱ्याला. सांगितलेलंच होतं, तरी खुशालराव रात्रभर गोठ्यातच बसून राहिला. चांद्या गव्हाणीपुढे मान खाली घालून उभा राहिला आणि सरकी दिली तरी तोंड लावीना. कौशल्या त्याच्या कानांना हात लावून पाही आणि पाण्याची बादली बदले. पाचव्या दिवशी देवराव नांदगावहून सायकल मारत आला. गावातल्या सगळ्या टोचलेल्या ढोरांची तोंडं पाहत पाहत तो खुशालरावाच्या गोठ्यात आला, चांद्याचा ताप पाहिला, तोंड पाहिलं.

"फोड नाई, हगवन नाई. सुईचा ताप हाये हा. उद्या-परवा खाईन."

"नाई खाल्लं तं?"

"मंग मी पुन्हा येतो."

यायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्या शेण काढायला गेली तेव्हा चांद्या गव्हाणीतल्या कडब्याची पानं एकेक करून ओढत होता. भुऱ्या त्याच्या वाटणीतलं खायला मान लांब करत होता, आणि चांद्याने त्याला शिंगाने ढकललं. कौशल्या हातातलं टोपलं तसंच धरून पाहत राहिली. मग तिने खुशालरावाला हाक मारली. तो धावत आला, दाराशी थबकला आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतही पाणी येत होतं. ते त्याने दुपट्ट्याने पुसलं.

वैशाखात नाल्यापलीकडच्या गावात अजून अकरा ढोरं पडली. तिथे पहिल्या वेळी सुईला फार थोडे लोक आले होते. खुशालरावाच्या गावात एकही पडलं नाही. नत्थुजीची गाय गुरुवारी शेजारच्या गावात टोचून आली आणि तीही निभावली. जानराव डॉक्टर ठरल्या शुक्रवारी आला होता, पण पारावर खुशालराव आणि आणखी चार-पाच जण बसलेले पाहून त्याने सायकल वळवली आणि पुन्हा त्या बाजूला दिसला नाही. खुशालरावाने आणि डोमाजीने त्यानंतर फार काही बोलून दाखवलं नाही, पण रस्त्यात भेटले की दोघं उभे राहून नांगरटीचं, ढोरांचं, देवरावाच्या बदलीचं बोलत.

वखरणीला जोडी जुंपली त्या दिवशी दुपारी कौशल्या भाकरी आणि ठेचा घेऊन वावरात गेली. अर्धं वावर झालं होतं. बैल सोडून वावराच्या कडेच्या धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेले होते, आणि सावलीत दुपट्टा उशाला घेऊन खुशालराव झोपला होता. गेला महिनाभर दुपारचा त्याचा डोळा लागला नव्हता. कौशल्याने भाकरीचं फडकं झाडाच्या बुडाशी ठेवलं, बैलांपुढे पाणी केलं, आणि तो जागा होईपर्यंत शेजारी बसून राहिली.